नानांच्या हातचा घास

वरणगावच्या फॅक्टरीत जीवरामनानांनी उभी नोकरी गोदामात काढली. तयार मालाच्या पेट्या त्यांच्या हाताखालून जात, आणि पेटीवर लॉट नंबर नसला की ती पेटी नानांच्या दारातून हलत नसे. साहेबाने डोळे वटारले तरी नसे. बोलणं कमी, वागणं सरळ, एवढीच त्यांची गावात ओळख. निवृत्त झाल्यावर त्यांनी रस्त्याच्या कडेला चार खोल्यांचं घर बांधलं, पुढे मोकळं अंगण ठेवलं आणि लताबाईंना म्हणाले, आता आपण दोघंच. ते फार दिवस खरं ठरलं नाही, कारण त्या घरात रुई आली.

रुई ही लॅब्राडोर जातीची कुत्री. टाळेबंदीच्या दिवसांत पुण्याला हितेंद्रने, म्हणजे नानांच्या मुलाने, ती आपल्या मुलीसाठी, ऋतिकासाठी घेतली होती. शाळा बंद, मैत्रिणी बंद, पोरगी कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलेली. घरात काहीतरी जिवंत असावं म्हणून हे पिल्लू आणलं. पुढे सगळं सुरू झालं, नवरा-बायको दोघं कामावर जायला लागले आणि दिवसभर बंद फ्लॅटमध्ये पिल्लू रडतं म्हणून सोसायटीत तक्रारी सुरू झाल्या. एका दिवाळीत ते तिला गाडीत घालून वरणगावला घेऊन आले आणि परत जाताना ठेवून गेले. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ऋतिका मागच्या काचेतून बघत होती.

नानांना हे पटलं नव्हतं. कुत्रं शेतात असतं, घरात नसतं, असं त्यांचं म्हणणं. पण लताबाईंनी पहिल्याच दिवशी तिला पदराखाली घेतलं. पुण्यातलं तिचं नाव स्नोई होतं. ते लताबाईंच्या जिभेवर बसेना. बोंडातून नुकता फुटलेला कापूस असावा तसा तिचा रंग, म्हणून त्यांनी तिचं नाव रुई ठेवलं, आणि ती त्या नावाला ओ देऊ लागली.

लताबाई शिकलेल्या बेताच्याच होत्या, पण कुठलीही गोष्ट विचारून घ्यायची त्यांना लाज नव्हती. रुईला काय चालतं, काय नाही, हे त्या ऋतिकाला फोनवर विचारत. कांदा-लसूण नको, द्राक्षं-बेदाणे नकोत, चॉकलेट तर मुळीच नको, हे त्यांनी एकदा ऐकलं ते कायमचं. रोज फोडणी द्यायच्या आधी रुईच्या वाटची डाळ वेगळी काढलेली असे. एकदा शेजारच्या सुनंदाबाईंनी पूजेचा शिरा आणून दिला, तर लताबाई दुपारभर त्यातला एकेक बेदाणा वेचत बसल्या, कारण रुई दारात बसून शिऱ्याकडे बघत होती. भुसावळच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नुसत्या भाकरी-दुधावर या जातीच्या कुत्र्याचं भागत नाही, कुत्र्यांचं तयार खाद्यही द्या. तेव्हापासून हितेंद्र पुण्याहून पोतं पाठवू लागला. त्यातलं निम्मं आणि घरचं निम्मं, असं लताबाईंनी ठरवून टाकलं होतं.

मग लताबाई आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं, आणि समजलं तेव्हा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. शेवटच्या महिन्यांत त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. ताट समोर आलं की त्या तोंड फिरवत. ज्या माणसाने आयुष्यात कधी स्वतःचं पाणी हाताने घेतलं नव्हतं, तो माणूस त्या दिवसांत भरवायला शिकला. ताट ठेवून निघून जायचं नाही. शेजारी बसायचं, दुसरंच काहीतरी बोलत राहायचं, शेतातलं, फॅक्टरीतलं, आणि बोलता बोलता लहानसा घास पुढे करायचा. नको म्हटलं की थोडं थांबायचं. मग पुन्हा म्हणायचं, एकच. लताबाई त्यांच्या तोंडाकडे बघत आणि केवळ त्यांच्यासाठी तो घास घेत. रुई कॉटखाली पडून असे.

लताबाई गेल्या. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, हितेंद्र पुण्याला परतला आणि घरात नाना आणि रुई एवढीच दोघं राहिली. नानांचा डबा बाहेरून येऊ लागला. त्यात कांदा-लसूण असे, म्हणून तो रुईला द्यायचा नाही, हे नानांनी कटाक्षाने पाळलं. त्यांना स्वयंपाक येत नव्हता, त्यामुळे रुईचं आता सगळंच पोत्यातल्या खाद्यावर आलं. पोतं पुण्याहून वेळेवर येई, रुई वाडगं चाटूनपुसून साफ करी आणि संध्याकाळी दोघं रस्त्याच्या कडेने फिरायला जात. नाना तिच्याशी बोलत. एवढं ते लताबाईंशीही कधी बोलले नव्हते, असं सुनंदाबाई नंतर सांगत.

यंदाच्या उन्हाळ्यात पोतं यायला उशीर झाला. घरातलं खाद्य तळाला गेलं. तेव्हा नानांना प्रेमराजच्या दुकानाची आठवण झाली. प्रेमराज हा त्यांच्या फॅक्टरीतल्या जुन्या सोबत्याचा मुलगा. बी-बियाणं, सरकीची ढेप, गुरांचं खाद्य असं त्याचं दुकान. अलीकडे घरोघर कुत्री आली म्हणून तो कुत्र्यांचं खाद्यही ठेवू लागला होता. मोठं पोतं फोडायचं, टिनाच्या मापाने काढून साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचं आणि पिन मारून विकायचं. त्याने नानांना आदराने खुर्ची दिली, कूलर त्यांच्याकडे फिरवला आणि दोन पिशव्या हातात ठेवल्या. तुमच्या पोत्यातल्यासारखंच हाये नाना, त्याच कंपनीचं, म्हणाला. ओळखीचा पोरगा, घराजवळचं दुकान. नानांनी विचार केला, पुण्याला कशाला तोशीस द्यायची, आणि हितेंद्रला पोतं पाठवू नको असं कळवून टाकलं.

संध्याकाळी त्यांनी वाडगं भरून ठेवलं. रुईने नाक खाली घातलं, हुंगलं आणि मागे सरून अंगणात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. नानांना वाटलं, उन्हाने जीव नको झाला असेल. मग वाटलं, वर्षश्राद्ध जवळ आलं आहे, हिलाही आठवण येत असेल. त्यांना स्वतःलाच त्या दिवसांत घास जात नव्हता, त्यामुळे ते त्यांना अगदी खरं वाटलं.

तिने खावं म्हणून मग त्यांना येत होतं ते त्यांनी केलं. खाद्यात कोमट दूध घातलं, वर चमचाभर तूप सोडलं, हाताने कालवलं आणि अंगणात तिच्या शेजारी बसले. पावसापाण्याचं बोलले, नवलच्या केळीबागेचं बोलले. नवल हा त्यांचा चुलतभाऊ, शेत त्याच्याकडे होतं. बोलता बोलता त्यांनी तळहातावर लहानसा घास धरला.

"खाय व माय," ते म्हणाले. "माह्यासाठी खाय. एकच."

रुईने त्यांच्याकडे बघितलं आणि तळहातावरून घास उचलला.

तेव्हापासून नाना रोज तिला हाताने भरवू लागले. सकाळ-संध्याकाळ तासभर त्यात जाई. सुनंदाबाई कुंपणावरून बघत आणि सुनेला म्हणत, बघ, माणूस किती जीव लावतो. नानांचं बघून त्यांनीही आपल्या काळ्या नावाच्या कुत्र्यासाठी प्रेमराजकडून एक पिशवी आणवली. नानांना त्या दिवसांत बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत असं वाटत होतं. मन थोडं हलकं झालं होतं.

रुई मात्र हळूहळू मंदावली. फिरायला निघायची, पण कोपऱ्यावरून मागे वळायची. पाणी फार पिऊ लागली. एकदोनदा उलटी झाली. नानांनी उन्हाळ्यावर ढकललं, तिच्या अंगाखाली ओलं पोतं टाकलं आणि घासात थोडं तूप वाढवलं. मग एका सकाळी ती उठलीच नाही. नानांनी जवळ बसून तिचं तोंड हातात घेतलं, तर ओठांच्या आतली कातडी आणि डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा दिसला. त्यांनी नवलला फोन करून गाडी बोलावली आणि तिला मांडीवर घेऊन भुसावळ गाठलं.

डॉक्टरीणबाई रुईला ती वरणगावला आल्यापासून ओळखत होत्या. त्यांनी तपासलं, रक्त काढलं, सलाइन लावलं. मग नानांसमोर बसून विचारलं, गेला महिनाभर हिला काय काय दिलंत? नानांनी सांगितलं. कांदा नाही, लसूण नाही, डब्यातलं काही नाही, फक्त खाद्य. हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. बाईंनी खाद्याची पिशवी आणायला सांगितली. नवल गाडी घेऊन गेला आणि उरलेली पिशवी घेऊन आला.

बाईंनी पिन काढली, पिशवी नाकाशी नेली आणि खाद्य कागदावर ओतलं. काही दाणे एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले होते. त्यांनी एक गोळा फोडला. आत राखाडी भुकटी होती.

"नाना, मूळ पोतं बघितलं होतं का? तारीख, लॉट नंबर?"

नाना त्या उघड्या पिशवीकडे बघत राहिले. लॉट नंबर हा शब्द त्यांनी नोकरीत किती वेळा उच्चारला असेल याला हिशेब नव्हता. या पिशवीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

बाईंनी समजावून सांगितलं. या खाद्यात मका असतो, धान्य असतं. ओल लागली की त्याला बुरशी धरते, आणि काही बुरशींत विष असतं. ते रोज थोडं थोडं पोटात गेलं की काळीज, म्हणजे लिव्हर, निकामी होतं. भाजून, उकळून किंवा दुधात कालवून ते विष जात नाही. कधी कधी तर दाणा वरून स्वच्छ दिसतो. म्हणून खाद्य बंद पोत्यातलंच घ्यायचं, तारीख बघायची, उघडल्यावर त्याच पोत्यात तोंड घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवायचं आणि संपेपर्यंत पोतं टाकायचं नाही. नाना मान हलवत होते. गुरांना बुरशी आलेली ढेप घालायची नाही, ती उकिरड्यावर टाकायची, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. पिशवीतल्या गोल गोल दाण्यांना मात्र बुरशी लागत असेल, असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

बाईंनी आणखी एक विचारलं. त्यांना वाईट काही सुचवायचं नव्हतं, नोंदीसाठी विचारलं.

"ती हे आपणहून खात होती?"

नवलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही," नाना म्हणाले. "ती नको म्हणत होती. मी भरवलं."

रुई त्या आठवड्यातच गेली. बाईंनी सांगून ठेवलं होतं की आशा कमी आहे, तेव्हा नाना तिला घरी घेऊन आले. शेवटच्या दिवशी ती अंगणात सावलीला पडून होती. नानांनी वाटीतलं पाणी तिच्यासमोर धरलं. तिने तोंड लावलं नाही, पण त्यांचा हात चाटला. ते त्यांना सर्वांत असह्य झालं. दुपार कलताना तिचा श्वास थांबला. नवलने आपल्या केळीबागेत, दोन ओळींच्या मध्ये, खड्डा काढला. नानांनी लताबाईंची एक जुनी सुती साडी काढून आणली होती. तिच्यात गुंडाळून रुईला ठेवलं आणि माती लोटल्यावर वर एक दगड ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी डोक्याला रुमाल बांधला आणि ज्या ज्या घरी कुत्रं आहे त्या घरी जायला सुरुवात केली. भर उन्हात ते दारात उभे राहत आणि सांगत, प्रेमराजच्या दुकानातलं सुटं खाद्य असेल तर घालू नका, माझी कुत्री गेली. काहींनी ऐकलं. काहींना वाटलं, बायको गेली, कुत्री गेली, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. एका घरी म्हणाले, मग कोंबड्यांना टाकून देतो. नाना पायरीवर बसले आणि कोंबड्यांनाही का घालायचं नाही ते त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या घरची पिशवी खड्ड्यात पुरेपर्यंत ते उठले नाहीत.

सुनंदाबाईंकडे ते सगळ्यांत शेवटी गेले. काळ्या दारातच बसला होता, धडधाकट. नानांनी भीत भीत विचारलं, तुम्ही आणलेली पिशवी?

"ती तशीच पडेल हाये," सुनंदाबाई म्हणाल्या. "त्यानं हुंगलं नि तोंड फिरवलं. म्या म्हटलं राहू दे, नही आवडत तं नही. तो भाकर खाईन."

त्या सहज बोलल्या. आपण काय बोललो हे त्यांना कळलं नाही. नाना बरं म्हणाले, काळ्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरी आले. त्या दिवशीचा डबा त्यांनी उघडला नाही.

प्रेमराज आठवडाभर फिरकला नाही. आधी तो लोकांना सांगत होता की उन्हायात कुत्रे खातच नही, आजारी पडतात, त्यात मालाचा काय दोष. मग एका सकाळी तो अंगणात येऊन उभा राहिला. खाली बघूनच बोलला. दुकानातल्या कूलरची टाकी गळत होती, पाणी भिंतीकडेने पोत्याखाली जात होतं. वरून पोतं कोरडं दिसायचं. आता तळाशी बघितलं तर सगळं काळं पडलेलं. ते त्याने फेकून दिलं होतं, कूलर हलवला होता, आणि यापुढे सुटं विकणार नाही म्हणाला.

"म्या मुद्दाम नही केलं, नाना."

"मुद्दाम तं मीबी नही केलं, बापा," नाना म्हणाले.

त्यांनी त्याला बसायला सांगितलं, पण तो बसला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की तक्रार करता येईल. हितेंद्रही फोनवर तेच म्हणत होता, रागावून म्हणत होता. नानांनी तक्रार केली नाही. तक्रारीत प्रेमराजचं नाव लिहायचं तर आपलंही लिहावं लागेल, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. ते बरोबर होतं की नाही, यावर गावात पुढे पुष्कळ बोलणं झालं.

राहिली ऋतिका. ती आता बारावीत होती, परीक्षेची तयारी सुरू होती. हितेंद्रचं म्हणणं, तिला एवढंच सांगू या की उष्माघात झाला. उगीच मनाला लावून घेईल. नाना हो म्हणाले. पण फोनवर ऋतिकाने स्वतःच विचारलं, आजोबा, नक्की काय झालं होतं तिला? तेव्हा त्यांना खोटं बोलता आलं नाही. त्यांनी सुट्या पिशवीचं सांगितलं, बुरशीचं सांगितलं, आणि ती खात नव्हती, मी दूध-तूप घालून हाताने भरवलं, हेही सांगितलं. मग ऋतिका म्हणाली, "मी नंतर करते," आणि फोन बंद झाला.

तिने नंतर केला नाही. हितेंद्र सांगे, अभ्यासात आहे. सून सांगे, क्लासला गेली आहे. पाऊसपाणी झालं, पोळा झाला, गणपती बसले आणि उठले. नाना दर रविवारी पुण्याला फोन लावत, सगळ्यांची खुशाली विचारत आणि ऋतिकाचं नाव शेवटी घेत. अंधारात अंदाज घेत माणूस जपून पाय टाकतो, तसं ते नाव घेत.

दिवाळीला सगळी आली. ऋतिका उंच झाली होती, केस कापले होते. तिने वाकून नमस्कार केला, पण त्यांच्याकडे बघितलं नाही. अंगणाकडेही बघितलं नाही. पाडव्याच्या सकाळी नाना चहा घेत बसले होते, तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली.

"आजोबा, मला ती जागा दाखवाल?"

दोघं नवलच्या शेतावर चालत गेली. बांधावर पोचल्यावर नाना थांबले. बागच नव्हती. पावसाळ्यात घड कापून झाले होते, मग नवलने केळीचे बुंधे काढले होते, ट्रॅक्टर फिरवला होता आणि रान पुढच्या लागवडीसाठी सपाट करून ठेवलं होतं. नवलने हे सांगितलंही असेल; त्या महिन्यांत नाना कुणाचंच नीट ऐकत नव्हते. शेताच्या कडेला ट्रॅक्टरवाल्याने वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग होता. त्यातला आपला कोणता, हे ओळखणं शक्य नव्हतं.

नाना ढेकळांतून चालत आत गेले. विहिरीकडून अंदाज घेतला, विजेच्या खांबाकडून घेतला, एका जागी थांबले, मग चार पावलं पुढे झाले, पुन्हा मागे आले. काळी माती सगळीकडे सारखीच होती.

"इथंच व्हती," ते म्हणाले. "इथंच कुठी तरी. मले नक्की नही सांगता येत, पोरी."

ऋतिका त्यांच्यामागे येऊन उभी राहिली. तिने एवढ्या मोठ्या मोकळ्या रानावरून नजर फिरवली आणि तिचा चेहरा पहिल्यांदा हलला. ती खाली बसली, तळहात मातीवर टेकवून तशीच राहिली. नानांना तिला जवळ घ्यायचं होतं, पण हात पुढे करायचा धीर झाला नाही. ते नुसते उभे राहिले, तिच्या अंगावर आपली सावली पडेल अशा बेताने.

बऱ्याच वेळाने ती उठली. हाताची माती झटकली नाही.

"खूप दुखत होतं का तिला?" तिने विचारलं.

"हो," नाना म्हणाले.

ती आणखी काही विचारेल म्हणून ते थांबले. ऊन चढलं होतं. दोघं बांधावर आली आणि गावाच्या रस्त्याला लागली. ती थोडी पुढे चालत होती, आणि नाना मागे पडले की थांबत होती.